निदानाबरोबर वाहतुकीचाही विचार व्हावा
संपादक महोदय,

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे २०१३ पासून अंगणवाड्या व शाळांतील तपासणीत मुलांचे जन्मजात हृदयदोष लक्षात येऊ लागले, हे निश्चितच स्वागतार्ह आहे. मात्र ज्या नवजाताच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते, त्याच्यावर पहिल्या काही आठवड्यांतच शस्त्रक्रिया व्हावी लागते. अशा बाळाला घेऊन देवगड-राजापूरच्या पालकांनी ऐन पावसाळ्यात घाट चढून कोल्हापूर किंवा महामार्गाने मुंबई गाठायची. असे दोष वेळीच लक्षात यावेत म्हणून प्रसूतीनंतर घरी सोडण्यापूर्वी पल्स ऑक्सिमीटरने बाळाच्या रक्तातील प्राणवायू मोजणे सक्तीचे करावे आणि नवजातांसाठी सुसज्ज रुग्णवाहिका रत्नागिरी व सिंधुदुर्गात कायम तैनात ठेवाव्यात.

– एक वाचक, देवगड