ड्रोन आला, पण दुरुस्त कोण करणार?

संपादक साहेब, ड्रोन फवारणीवरची तुमच्या पेपरातली बातमी वाचली, आनंद झाला, पण एक गोष्ट राहून गेली. नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटांना 15 हजार ड्रोन द्यायचं ठरलंय, किमतीच्या 80 टक्के म्हणजे जास्तीत जास्त 8 लाखांपर्यंत मदत आहे, ताईंना 15 दिवसांचं ट्रेनिंग पण आहे. उडवणं तेवढ्यात येईलही, पण बिघडल्यावर काय? मागच्या सीझनला आमच्या कपाशीत भाड्याचा ड्रोन त्याचा फवारणीचा पंप बंद पडल्यामुळे बसला, दुरुस्तीवाला नाशिकहून यायला चार दिवस लागले, तोवर तुडतुडे सगळ्या वावरात पसरले. आपल्याकडे केळीला ठिबक टिकलं ते नुसत्या सबसिडीने नाही, लॅटरल म्हणजे ठिबकच्या नळ्या जोडणारा, फिल्टर धुणारा, नळ्या तुंबल्या की अ‍ॅसिड सोडून साफ करणारा पोरगा गावातच तयार झाला म्हणून टिकलं, रावेर-यावलच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. मग प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये ड्रोन दुरुस्तीचा, बॅटरी आणि नोझलचा नीट कोर्स का नको? दहावी-बारावी झाली की पोरं पुण्याला नाहीतर सुरतला कंपनीत जातात, त्यांना हे काम इथेच मिळू द्या.

एक शेतकरी, ता. रावेर, जि. जळगाव