'कशावरून?' या प्रश्नाला पाच गुण द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळेत 'चिकित्सक विचार' हा वेगळा विषय आणावा, त्याला पुस्तक आणि तासिका द्यावी, अशी मागणी अलीकडे आपल्या अंकातल्या पत्रांतून वाचली. त्यामागची तळमळ माझीही आहे. मी माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत २२ वर्षं विज्ञान शिकवतो. पण पुस्तक आलं की गाईड येईल, गाईडात 'चिकित्सक विचारांची वैशिष्ट्ये लिहा' असा प्रश्न येईल आणि आमची मुलं ती वैशिष्ट्यं पाठ करतील. 'शास्त्रीय कारणे लिहा' या प्रश्नाचं आमच्या डोळ्यांदेखत हेच झालं.

उन्हाळ्यात माठातलं पाणी गार का राहतं, याचं उत्तर माझ्या वर्गातली निम्मी मुलं स्वल्पविरामासकट लिहितात. सच्छिद्र माती, पाझर, बाष्पीभवन, आतल्या पाण्यातून घेतलेली उष्णता, सगळं जागच्या जागी. पैकीच्या पैकी गुण मिळवलेल्या एका मुलाला मी विचारलं, "तुझे वडील रानात जाताना पाण्याच्या बाटलीला ओलं गोणपाट का गुंडाळतात?" म्हणाला, "ऊन लागू नये म्हणून." "मग कोरडं गुंडाळलं तर चालेल?" तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी त्यानेच तीन बाटल्या आणल्या. एक उघडी, एक कोरड्या गोणपाटातली, एक ओल्या. मधल्या सुट्टीनंतर तापमापक घालून पाहिला, तेव्हा तो आपणहून बोलला, "सर, हा तर माठच झाला की!" उत्तर त्याला वर्षभर पाठ होतं, कळलं त्या दुपारी.

मुलांना एक शब्द पुरतो: कशावरून? आमच्या भाषेत तो आधीपासून आहे, भांडणातही आहे. वर्गात मात्र तो शिक्षकाला विचारायची सोय नसते. मी स्वतः अनेक वर्षं फळ्यावर जिभेची आकृती काढत आलो: टोकाला गोड, मागे कडू, कडांना खारट-आंबट. एका वर्षी आठवीतल्या मुलीने विचारलं, "सर, कशावरून? मला तर गूळ सगळीकडेच गोड लागतो." मी क्षणभर चिडलो, हे कबूल करतो. मग आम्ही गूळ, मीठ, चिंचेचा कोळ आणि कडुलिंबाचं पाणी वाटीवाटीत घेतलं, डोळ्यांवर रुमाल बांधले आणि कापसाच्या बोळ्याने जिभेच्या जागा तपासल्या. चारही चवी सगळीकडे लागल्या. नंतर शोधल्यावर कळलं, की १९०१ सालच्या एका जर्मन प्रयोगातले अगदी बारीक फरक पुढे पुस्तकांत फुगवून काढले गेले आणि ती आकृती जगभर पसरली. पुढच्या तासाला मुलांसमोर फळ्यावर ती आकृती काढून मी तिच्यावर काट मारली. त्या दिवसापासून माझ्या वर्गात हात वर जाण्याचं प्रमाण वाढलं. शिक्षक चुकतो आणि ते मान्य करतो, हे मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं पाहिजे.

आता बोअरची गोष्ट सांगतो, ती थोडी लांब आहे. आमच्याकडे बोअर मारायच्या आधी पाणाड्याला बोलावतात. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात फिरतो आणि नारळ उभा राहिला की तिथे खूण करतो. बोअर कोरडा गेला तर लाखाच्या घरात पैसे जातात, म्हणून लोकांचा यावर जीव असतो. नववीच्या वर्गात वाद पेटला, तेव्हा मी बाजू घेतली नाही. "यादी करा," एवढंच म्हणालो.

पहिला पेच शब्दाचा होता. 'पाणी लागलं' म्हणजे काय? भाद्रपदात तर सगळ्यांनाच पाणी असतं. दोन दिवस भांडून मुलांनी ठरवलं: होळीपर्यंत मोटर चालली, तरच पाणी लागलं असं धरायचं. मग गावाला विचारलं, पाणाड्याचे फेल गेलेले बोअर किती? लोकांना आठवले चार. एक मुलगा म्हणाला, "सर, विचारण्यापेक्षा शिवार फिरू." चार रविवार ती मुलं बांधाबांधाने फिरली. दगड ठेवून झाकलेली, पत्र्याखाली दडलेली, बोरीच्या काट्यांत हरवलेली केसिंगची तोंडं त्यांनी मोजली. फेल गेलेले निघाले १३. पाणी लागलेल्या बोअरजवळ पाईप, मोटर, हिरवं रान असतं, रोज येताजाता दिसतं. कोरडं भोक कोण दाखवतं?

पाणाड्याने सांगितलेल्या ३४ पैकी २१ बोअरना पाणी होतं. अर्धा वर्ग खूश झाला, "म्हणजे नारळ खरं सांगतो!" तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "पण सर, ज्यांनी पाणाड्या बोलावलाच नाही त्यांचं काय?" बावीस वर्षांत मी ऐकलेला सर्वांत मोलाचा प्रश्न हा आहे, आणि तो मी शिकवला नव्हता. असे बोअर ११ निघाले आणि त्यांतल्या ७ ना पाणी होतं. म्हणजे जवळजवळ तेवढंच प्रमाण. मुलांनी वहीत लिहिलं: 'बोअर थोडे आहेत, म्हणून पक्कं सांगता येत नाही. पण आमच्या यादीत नारळाने फरक पडलेला दिसत नाही.' हे पहिलं वाक्य त्यांनी लिहिलं, याचं मला जास्त समाधान आहे. मग भूगोलाच्या शिक्षकांनी काळ्या पाषाणाचे थर, त्यांतल्या भेगा आणि त्या भेगांत साठणारं पाणी समजावलं, तेव्हा सगळा वर्ग कान देऊन ऐकत होता.

तो पाणाड्या वर्गातल्याच एका मुलाचा आजा. त्यांचा अपमान होऊ नये, म्हणून त्यांना आम्ही शाळेत बोलावलं. म्हातारबाबा मोकळेपणाने बोलले: उंबर कुठे आहे, लवण म्हणजे सखल जागा कुठे आहे, ओढा पूर्वी कुठून वाहायचा, हे आधी बघतो, मग नारळ घेतो. मुलांनी वहीत दोन रकाने केले, रानाची पारख एकीकडे आणि नारळ दुसरीकडे. शेवटी म्हातारबाबांनी फेल गेलेल्या बोअरची यादी वाचून दाखवायला सांगितली. त्यातले पाच त्यांना ठाऊकच नव्हते. कोरडा बोअर गेल्यावर त्यांच्याकडे परत कोणी आलंच नव्हतं.

'कशावरून?' हा प्रश्न विचारायला मुलं शिकली नाहीत तर काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारी टोळी समजून ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, त्यांतले बहुतेक आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले. सुगीत आमच्याही दारी ती माणसं येतात. मुलं पळवल्याच्या अफवेचा मेसेज त्या दिवसांत आमच्या मुलांच्या घरच्या फोनवरही होता. तो आम्ही फळ्यावर उतरवला आणि एकेक ओळ तपासली. कोणत्या गावातलं मूल? कोणत्या तारखेला? तक्रार कोणत्या पोलीस ठाण्यात? एकाही ओळीत उत्तर नव्हतं. एका पोराने रात्री आपल्या चुलत्याला तो मेसेज पुढे पाठवण्यापासून थांबवलं.

अर्थात घरी हा प्रश्न विचारणं सोपं नाही. एका मुलीने आजीला तोंडावर 'कशावरून?' विचारलं आणि तिला रट्टा बसला, 'लई शहाणी झालीस!' त्यावर वर्गात आम्ही दुसरी वाक्यं शोधली. 'आज्जे, तुला कसं कळलं गं?' 'आबा, तुम्ही स्वतः पाहिलं का?' खेड्यातल्या मुलाला मोठ्यांचा मान राखूनच शंका काढावी लागते, आणि हे कौशल्य शहरात छापलेलं कुठलंही पुस्तक शिकवणार नाही.

माझी मागणी छोटी आहे. दहावीला विज्ञानाच्या १०० पैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. प्रयोगवह्या एकमेकांच्या पाहून उतरवल्या जातात, हे आम्ही सगळेच शिक्षक जाणतो. राज्य मंडळाने त्या २० पैकी पाच गुण मुलाने स्वतः निवडलेल्या, स्वतःच्या गावातल्या एका प्रश्नासाठी राखावेत. उत्तर चुकलं तरी चालेल. काय मोजलं, कसं मोजलं आणि कशाची खात्री देता येत नाही, एवढं पाहून गुण द्यावेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचार आहे, राज्यघटनेतल्या मूलभूत कर्तव्यांत विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आहे, पण गुणपत्रिकेत जे नाही ते शाळेच्या वेळापत्रकात टिकत नाही. आणि शिक्षकाला सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं यांतून आठवड्याचे दोन तास मोकळे द्यावेत. चार रविवार मी माझे दिले, त्याचं दुःख नाही, पण घर सांभाळून नोकरी करणाऱ्या प्रत्येक शिक्षिकेकडून ते मागता येणार नाहीत.

यंदाच्या नववीने प्रश्न निवडला आहे: फोनवर येणारे पावसाचे अंदाज किती खरे ठरतात? बाटली कापून पर्जन्यमापक केला आहे, तो शाळेच्या गच्चीवर आहे. रोज सकाळी आठला दोन मुलं नोंद घेतात आणि शेजारी आदल्या दिवशीचा मेसेज जसाच्या तसा उतरवतात. 'तुरळक ठिकाणी' याचा अर्थ काय धरायचा, यावर सध्या वाद चालू आहे. दिवाळीनंतर वही पुरी झाली की आपल्याला कळवीन.

आपला,
एक विज्ञान शिक्षक
ता. माण, जि. सातारा