भंगारातून उभी केलेली सायकल

शिकागो

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. दुकानात नवी सायकल सहज मिळत असताना भंगारातले भाग जमवून एक उभी करण्याचा खटाटोप मी का केला, असे तू विचारतोस. आणि त्याच पत्राच्या शेवटी काकांच्या जुन्या सायकलचे काय करावे, असाही प्रश्न टाकला आहेस. मला या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी उभी केली ती श्विनची सायकल. श्विन ही मूळची याच शहरातली कंपनी. इग्नाझ श्विन यांनी ती १८९५ मध्ये अडॉल्फ अर्नोल्ड यांच्या भागीदारीत सुरू केली. पुढे जागतिक मंदी ऐन भरात असताना, १९३३ मध्ये, त्यांचे चिरंजीव फ्रँक श्विन यांनी दोन इंचांहून अधिक रुंदीचे फुगीर टायर लावलेली सायकल बाजारात आणली आणि आज ज्यांना क्रूझर म्हणतात त्यांचे घराणे तिथून सुरू झाले. रुंद हँडल, ऐसपैस सीट, एकच गिअर आणि पायडल उलटे दाबले की लागणारा ब्रेक, अशी ही घडण. शिकागोचा कारखाना १९८३ मध्ये बंद पडला; पण त्यातून बाहेर पडलेल्या सायकली इथल्या तळघरांत अजून गंजत पडलेल्या सापडतात.

माझ्या हाती आधी आली ती श्विनच्या टायफून मॉडेलची नुसती फ्रेम आणि पुढचे चाक धरणारा चिमटा. मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल ज्या खाचेत बसतो, तिच्या डाव्या बाजूला नंबर ठोकलेला होता. वरची माती तारेच्या ब्रशने घासून काढली तेव्हा सुरुवातीची डी आणि बी ही अक्षरे वाचता आली. १९६५ पासून या कंपनीच्या नंबरातले पहिले अक्षर महिना सांगते आणि दुसरे वर्ष, म्हणजे हा नंबर एप्रिल १९६६ चा. फ्रेमचे वय कळल्यावर कोणते भाग शोधायचे हेही ठरले.

खरी परीक्षा चाकांची होती. या फ्रेमला २६ × १-३/४ मापाचे टायर लागतात. गणिताने पाहिले तर हे माप आणि २६ × १.७५ हे माप एकच. प्रत्यक्षात मात्र एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. टायरची कड रिमवर जिथे टेकते तिथला व्यास श्विनच्या या रिममध्ये ५७१ मिलिमीटर असतो, तर दशांशात लिहिलेल्या टायरला ५५९ मिलिमीटरची रिम लागते. म्हणून मी नवी चाके न घेता, अपघातात फ्रेम वाकलेली त्याच कंपनीची एक लेडीज सायकल शोधली आणि तिची चाके उतरवून घेतली. रिमवर एस-७ हा या मापाचा छाप स्पष्ट होता. गंजलेल्या तारा बदलल्या, चाक स्टँडला लावून सावकाश आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढला आणि प्रत्येक तार बोटाने छेडून ताण सारखा आहे ना, हे पाहिले. साऱ्या कामात मला सर्वांत आवडलेला भाग हाच.

मागच्या चाकात बेंडिक्स कंपनीचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, होता; उलट्या पायडलचा ब्रेक याच्याच आत असतो. तो उघडला तर आतले ग्रीस वाळून खडखडीत झालेले. या ब्रेकचे सारे घर्षण हबच्या पोटात होते, त्यामुळे तिथे ग्रीसची हयगय चालत नाही. १९७६ पासून कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात काही तरुण अशाच जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावत. एका उतारातच हबमधले ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोचल्यावर हब पुन्हा भरावा लागे. त्यांच्याच धडपडीतून पुढे माउंटन बाइक आकाराला आली. हबला जोडलेली पट्टी फ्रेमच्या मागच्या नळीला क्लिपने घट्ट आवळलेली असलीच पाहिजे, नाहीतर ब्रेक दाबताच अ‍ॅक्सल फिरतो. शिवाय चेन उतरली की हा ब्रेकही गेला. म्हणून चेनला साधारण अर्धा इंच ढील ठेवून चाक नीट सरळ बसवावे लागते.

क्रँक, म्हणजे पायडल ज्याला लागतात तो दांडा, एकसंध पोलादी कांबीचा असतो. त्याच्या डाव्या बाजूच्या कोनला (छर्रे ज्यावर फिरतात त्या शंकूसारख्या भागाला) आणि नटाला उलटे आटे असतात, आणि श्विनमध्ये इंचाला २८ आटे, तर इतर अमेरिकी सायकलींत २४. बाहेरून सारखाच दिसणारा कोन बसत नाही तो यामुळे. छर्रे मात्र नवे घातले. झिजलेले छर्रे जपण्यात काही अर्थ नाही.

रंगाबाबत माझे मत ठाम आहे. गंज मी ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने काढला, मूळ रंगाला हात लावला नाही. चेनकव्हर दुसऱ्या सायकलचे असल्यामुळे त्याचा लाल वेगळा आहे, तो तसाच राहू दिला. कोणता भाग कुठून आला हे त्यावरून कळते, आणि मला ते लपवायचे नाही. नवी सायकल घेतली असती तर या कारखान्याने मापांची शिस्त किती वर्षे पाळली, हे मला कधीच हाताने तपासता आले नसते.

आता काकांच्या सायकलविषयी. तिची क्रूझर करू नकोस, ही कळकळीची विनंती. तिची रिम २८ × १-१/२ ची, म्हणजे ६३५ मिलिमीटरची असणार, आणि तिचे टायर आपल्याकडे अजून सर्रास मिळतात, त्यामुळे तुझे काम माझ्यापेक्षा सोपे आहे. तिच्या सळईच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या अंगाला घासतात, म्हणून कोणी आधुनिक रिम सुचवली तर घेऊ नकोस. क्रँक दांड्याला अडकवून ठेवणाऱ्या कॉटर पिना आधी तेलात भिजू दे. नंतर क्रँकखाली भक्कम टेकू देऊनच ठोक, नाहीतर सगळा मार छर्ऱ्यांवर आणि ते ज्यात बसतात त्या कपांवर बसेल. काही खोलण्यापूर्वी सर्व बाजूंनी फोटो काढ, आणि फ्रेमवर कुठे काय ठोकले आहे ते मला लिहून कळव, म्हणजे कोणते भाग शोधायचे ते आपण मिळून ठरवू.

काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
अविनाश