हाकेसाठी रात्रभर जागा राहणारा कन्सोल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला 'स्मार्ट' घरावरचा लेख वाचला. अलेक्साला, म्हणजे ॲमेझॉनच्या बोलक्या स्पीकरला, सांगून एक्सबॉक्स हा मायक्रोसॉफ्टचा गेम कन्सोल कसा चालू करायचा, आवाज कसा कमी-जास्त करायचा, हवा तो गेम कसा उघडायचा, हे सगळे त्यात नीट समजावले आहे. पण माझी सगळी नोकरी वीज वितरणात झाली. नवे यंत्र दिसले की मी आधी त्याचे वॅट बघतो, आणि तेवढेच लेखात नव्हते.

हाकेसरशी उठायचे तर कन्सोलला पुरते झोपून चालत नाही. आपण बोललेले स्पीकरमधून इंटरनेटवाटे कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून हुकूम फिरून आपल्याच घरातल्या कन्सोलकडे येतो. तो झेलण्यासाठी कन्सोल 'स्लीप'मध्ये, नेटला जोडलेला ठेवावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्याच सांगण्यानुसार तेव्हा तो १० ते १५ वॅट खातो. 'शटडाउन'मध्ये जेमतेम अर्धा वॅट. साडेबारा वॅट धरा आणि रोजचे वीस तास तो नुसता पडून आहे असे समजा. दिवसाला पाव युनिट, महिन्याला साडेसात. वर्षाचे नव्वद! पैशात ही रक्कम मोठी नाही, हे मीच कबूल करतो. पण रिकाम्या खोलीत नऊ वॅटचा बल्ब जळताना दिसला तर आपण घर डोक्यावर घेतो, आणि याच्याकडे कुणी बघतही नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ सालीच सुचवले होते की पडून असलेल्या यंत्राने एका वॅटच्या वर जाऊ नये.

बरे, या बदल्यात मिळते काय? खेळायला कंट्रोलर हातात घ्यावाच लागतो. त्याच्या मधले गोल बटण दाबले की कन्सोल चालू होतो, शटडाउनमध्ये असला तरी. फक्त थोडा वेळ जास्त लागतो. म्हणजे वाचले ते एक बटण. माझा नातू म्हणतो, "आजोबा, तसं केलं तर रात्रीचे अपडेट येणार नाहीत." कंपनी म्हणते, येतात.

आवाजाची ही हौस नवी नाही. २०१३ च्या एक्सबॉक्स वनबरोबर किनेक्ट हा कॅमेरा-माइक यायचा आणि 'एक्सबॉक्स ऑन' म्हटले की यंत्र उठायचे. पुढच्याच वर्षी टीव्हीवरच्या जाहिरातीतल्या नटाने ते शब्द उच्चारले आणि लोकांच्या घरचे कन्सोल आपोआप चालू झाले! किनेक्टचे उत्पादन २०१७ मध्ये थांबले.

ज्यांचे हात साथ देत नाहीत त्यांची गोष्ट वेगळी. आमच्याच सोसायटीत असा एक तरुण आहे; त्याला बटण दाबून मागायला कुणाला तरी हाक मारावी लागते. ती कन्सोललाच मारता आली तर पाव युनिट काय, अर्धे गेले तरी हरकत नाही. बाकीच्यांनी सेटिंगमध्ये जाऊन वीज बचतीचा 'शटडाउन' पर्याय निवडावा.

फ्रिजवर, एसीवर बीईईचे (सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचे) वीज बचतीचे तारे असतात. नातवाच्या कन्सोलच्या खोक्यावर मला ते सापडले नाहीत. निदान आपल्या पुरवणीत अशा वस्तूंच्या किमतीशेजारी वॅट छापावेत, आणि तेही यंत्र बंद दिसत असतानाचे.

आपला,
एक निवृत्त वीज कर्मचारी,
डोंबिवली (पूर्व)