पाच मिली, पण कशाचे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील मुलांच्या तापावरील लेखात ‘पॅरासिटामॉलचे औषध वयानुसार अर्धा ते एक चमचा द्यावे’ असे छापून आले आहे. लेखकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु चमचा कोणता आणि औषध कोणते, हे दोन्ही प्रश्न वाचकांवर सोपवून लेख ज्या सहजतेने पुढे सरकला, ते वाचून मला गेल्या श्रावणातील एक रात्र आठवली आणि हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही.

आमची नात तेव्हा दीड वर्षाची होती, वजन 9 किलो. आधीच्या तापात डॉक्टरांनी 5 मिलीत 120 मिलिग्रॅम असलेले सिरप 5 मिली द्यायला सांगितले होते आणि आमच्या सौभाग्यवतींनी त्यातले ‘पाच मिली’ तेवढे पाठ करून ठेवले होते. पुढच्या तापाला मी भर पावसात औषधाच्या दुकानात जाऊन ‘लहान मुलाचे तापाचे औषध’ मागितले, तेव्हा त्याच नावाची एक लहानशी बाटली मिळाली. ते थेंबांचे औषध होते, म्हणजे 1 मिलीतच 100 मिलिग्रॅम. सौभाग्यवतींनी सोबतचा ड्रॉपर बाजूला ठेवून जुन्या बाटलीच्या टोपणाने अगदी काटेकोर 5 मिली मोजले. त्या दीड वर्षाच्या मुलीला एका वेळी 500 मिलिग्रॅम दिले गेले. मी स्वतः तापात घेतो ती गोळी तेवढीच असते.

पहाटे दुसरा डोस काढताना माझे लक्ष बाटलीकडे गेले आणि शेजाऱ्यांच्या जीपमधून आम्ही बेळगाव गाठले. नातीला काही झाले नाही. डॉक्टर म्हणाले की एवढ्यावर निभावले. पण हेच प्रमाण दर सहा तासांनी दोन दिवस चालले असते, तर यकृतावर बेतले असते. तेव्हापासून सौभाग्यवती नातीला साधे मधाचे बोटसुद्धा मला विचारल्याशिवाय देत नाहीत, याचे मला अधिक वाईट वाटते, कारण मोजण्यात त्या चुकल्याच नव्हत्या.

लेखात हवे होते ते एवढेच, की डोस वयावर नव्हे, वजनावर ठरतो: दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि 24 तासांत चारपेक्षा अधिक डोस नाहीत. सर्दीच्या सिरपातही पुष्कळदा पॅरासिटामॉल असते, तेही हिशेबात धरावे लागते. आपले लेखक मात्र आयबुप्रोफेन हे तापाचे दुसरे औषध पॅरासिटामॉलशी ‘आलटून पालटून’ देण्याचा सल्ला देऊन मोकळे झाले आहेत. डासांच्या या दिवसांत डेंग्यूची शंका असताना किंवा उलट्या-जुलाबाने मूल सुकलेले असताना आयबुप्रोफेन देऊ नये, हे सांगायला त्यांना एक ओळही मिळाली नाही. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला, तर घरी औषध देत न बसता थेट डॉक्टरांकडे न्यावे, हेही राहून गेले.

आता कोणी म्हणेल की बाटलीवर सगळे लिहिलेले असते. असते खरे, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत आणि इंग्रजीत. सीमाप्रश्न गेली अनेक वर्षे न्यायालयात पडून आहे, आमच्या घरच्या बाटलीवर मात्र तो कन्नड आणि मराठी दोघींनाही बाहेर ठेवून निकाली निघालेला आहे. आमच्या गावच्या आरोग्य केंद्रातील फलक निदान कन्नडमध्ये आहे. मला ती वाचता येते, सौभाग्यवतींना नाही, आणि रात्री दोन वाजता नातीजवळ त्या बसलेल्या असतात.

विषय निघालाच आहे म्हणून लिहितो: त्याच पानावर लेखाच्या चौपट आकाराची ‘मुलांची उंची वाढवा’ अशी जाहिरात होती. तिची जागा थोडी कमी केली असती, तर वरील चार ओळी सहज मावल्या असत्या. दुरुस्ती छापणार असाल, तर कृपया ती त्याच पानावर आणि त्याच अक्षरात छापावी, निधनवार्तांच्या खाली नको.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. खानापूर, जि. बेळगाव