आई-बाबा, ही पुस्तकं या क्रमानं वाचा

ती. आई आणि बाबांना सा. नमस्कार,

पुस्तकांचा गठ्ठा पाठवला आहे. अलीकडे वाचलेल्या फँटसी आणि विज्ञानकथांमधून खास तुमच्यासाठी निवडलीत. मात्र अशी पुस्तकं बरेचदा पहिल्या पन्नास पानांतच बाजूला पडतात, म्हणून आधी हे पत्र वाचा.

नारळीकरांच्या कथेत जग बहुधा आपलंच असतं, विज्ञानातली एखादी गोष्ट तेवढी पुढे गेलेली. फँटसीत गावं, देव, नाणी, शिव्यासुद्धा नव्या. लेखक समजावत बसत नाही, शब्द वापरत जातो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला अर्थ आपोआप लागतो, तेव्हा अनोळखी शब्दापाशी अडू नका. शेवटी शब्दसूची असली तरी पहिल्या वाचनात उघडू नका, तिच्यात पुढची गुपितं फुटलेली असू शकतात. नावं मात्र लिहून ठेवा. पोस्टकार्डाएवढा कागद पुस्तकात ठेवायचा आणि एखादं नाव दुसऱ्यांदा आलं की नात्यासकट टिपायचं. पहिल्याच वेळी टिपलंत तर कागद उगाच भरतो.

आई, तू उर्सुला ले ग्विनच्या 'अर्थसी'नं सुरुवात कर. तिथे प्रत्येक वस्तूला एक खरं नाव असतं आणि ते ज्याला कळलं त्याचा त्या वस्तूवर ताबा. वाचायचं प्रकाशनाच्या क्रमानंच: १९६८, १९७१, १९७२ आणि मग १९९०. दुसऱ्या भागात नायक गेड बराच वेळ येतच नाही, भलतंच पुस्तक हातात आलं की काय असं वाटतं. तिथे सोडू नकोस. ती गोष्ट तेनारची आहे. लहानपणीच घरातून उचलून आणलेली ही पुजारीण थडग्यांखालच्या भुयारात दिव्याशिवाय फिरते, भिंत चाचपत, डावी-उजवी वळणं मनात मोजत. एक वळण चुकलं की संपलं. सबंध मालिकेत मला ही पानं सर्वांत सरस वाटतात. चौथ्या भागात तीच तेनार मध्यमवयीन विधवा आहे आणि गेडची जादू गेलेली आहे. आधीच्यासारखी साहसं नाहीत म्हणून काहींना तो संथ वाटतो. तुला तोच सर्वांत जवळचा वाटेल, याची मला खात्री आहे.

बाबा, तुमच्यासाठी लिऊ त्सिशिन यांचं 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'. मूळ चिनी पुस्तक २००८ चं, इंग्रजी अनुवाद २०१४ चा. चिनी नावात आडनाव आधी येतं, तेव्हा ये वेनजिए हिचं आडनाव 'ये'. कागदावर पूर्ण नाव लिहा, नाहीतर बापलेकीत गोंधळ होईल. दोन गोलांची एकमेकांभोवतीची गती सूत्रात बसते. तिसरा आला की सर्वसाधारण सूत्र उरत नाही, गती बेभरवशाची होते. इथे एका ग्रहाला तीन सूर्य आहेत. कधी शेकडो वर्षं सुरळीत, कधी अचानक होरपळ. त्यातून तगण्यासाठी तिथली माणसं अंगातलं पाणी काढून टाकून कातड्यासारखी वाळतात, गुंडाळून कोठारात ठेवली जातात आणि चांगले दिवस आले की पाण्यात भिजवून उठवली जातात. हा भाग एका संगणकीय खेळात येतो. त्याला विषयांतर समजून गाळू नका, सगळं कोडं तिथेच आहे.

आसिमोव्हच्या 'फाउंडेशन'मध्ये एकच नायक शोधू नका. पहिलं पुस्तक म्हणजे पाच कथा, मध्ये कितीतरी वर्षं लोटलेली. १९५१, ५२, ५३ असे तीन भाग आधी. पूर्वकथा १९८८ ची आहे, ती शेवटी.

सुझॅना क्लार्कचं 'पिरानेसी' (२०२०) लहान आहे, दोघंही वाचा. ही एक रोजनिशी आहे. नोंदींवरच्या तारखा विचित्र वाटतात: 'नैऋत्येच्या दालनांत अल्बट्रॉस आला ते वर्ष'. त्या ओलांडून जाऊ नका, उलगडा व्हायला त्यांची मदत होते.

जाड पुस्तकानं मनगट दुखत असेल तर ई-रीडर घ्या. अक्षर मोठं करा, पण ओळीत पाच-सहा शब्द तरी मावू द्या. त्याहून कमी झाले की नजर सतत उड्या मारते आणि वाक्याचा धागा सुटतो. नकाशे त्यावर बारीक दिसतात, म्हणून 'अर्थसी'चा नकाशा मोठ्या कागदावर छापून गठ्ठ्यात घातला आहे. ऑडिओबुक ऐकणार असाल तर स्लीप टायमर प्रकरणाच्या शेवटाला लावा. झोप लागली तरी दुसऱ्या दिवशी कुठून ऐकायचं ते शोधावं लागत नाही.

आई, तिसऱ्या भागाशी पोचलीस की फोन कर, चौथा लगेच पाठवते.

तुमची,
लेक