ध्रुवीय समुद्रातले जेली प्राणी मोजायचे कधी?

संपादक साहेब, नमस्कार.

अंटार्क्टिकाबद्दल पेपरात काही आलं की पेंग्विन, देवमासे नाहीतर वितळणारा बर्फ, फारच झालं तर क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे छोटे जीव. त्याच पाण्यात तरंगणारे मऊ, पारदर्शक प्राणी म्हणजे सॅल्प (पिंपाच्या आकाराचे), कॉम्ब जेली, जेलीफिश, यांच्यावर एक ओळ नसते, आणि दोष नुसता पेपरचा नाही, संशोधनाच्या आकड्यांतच ते कित्येक वर्षं नीट आलेले नाहीत.

प्लँक्टन, म्हणजे पाण्याबरोबर तरंगत वाहणारे जीव, गोळा करायचं म्हणजे बोटीमागे जाळं ओढायचं, वर्षानुवर्षं हीच पद्धत. आर्क्टिकमधली बोलिनॉप्सिस नावाची कॉम्ब जेली घ्या, अंगावर बारीक केसांच्या आठ रांगा, त्या हलल्या की इंद्रधनुष्याचे रंग सरसर पळत जातात, इतकी देखणी, पण जाळ्यात आली की चिकट लगदा होतो आणि उरलंसुरलं नमुने टिकवायच्या फॉर्मलिनच्या बाटलीत विरघळून जातं. मग नोंदवहीत काय पडणार, शून्य. आणि तोच शून्य पुढे समुद्राच्या गणिती मॉडेलमध्ये जातो हे मला फार खटकतं!

सॅल्प निदान जाळ्यात टिकतात. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातल्या १९२६ ते २००३ च्या नोंदी एकत्र करून २००४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात जो अभ्यास आला त्यात क्रिल घटलेलं आणि सॅल्प वाढलेले दिसले. क्रिलच्या पिल्लांना हिवाळ्यात बर्फाखालचं शेवाळ लागतं, सॅल्पचं तसं काही अडत नाही, एकटा सॅल्प स्वतःच्या अंगातूनच क्लोनची लांबच लांब साखळी काढतो. शिवाय त्यांची विष्ठा जड, झपाट्याने तळाकडे जाते आणि सोबत कार्बनही खाली नेते, म्हणजे हवामानाच्या हिशोबातही ते आलेच की.

यांना खातं कोण, असंही बरेच दिवस म्हणायचे, कारण पोटात जेली लगेच पचते, मागे काही सापडत नाही. पेंग्विनच्या पाठीवर छोटे कॅमेरे लावले तेव्हा, २०१७ च्या अभ्यासात, अडेली पेंग्विन जेलीवर तुटून पडताना चक्क दिसले.

म्हणून ध्रुवीय मोहिमांचे पैसे जिथे ठरतात तिथे एवढंच मागणं आहे, जाळ्याबरोबर पाण्याखालचा कॅमेरा आणि प्राण्यांनी पाण्यात सोडलेल्या डीएनएची तपासणी दोन्ही ठेवा, कारण डीएनए कोण आहे ते सांगतो पण किती आहेत ते कॅमेऱ्यातच मोजता येतं. आणि तुम्हीही यावर एखादा सविस्तर लेख छापाच.

एक वाचक